चार बोटं पाणी

टाकी नीट बसवून घ्यायचा हट्ट मीच धरला होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईला सेफ्टीचं वावडं होतं.

आमचा धंदा सोलर पॅनेल धुण्याचा. सोलापुरात ऊन फुकट आणि धूळही फुकट. गच्चीगच्चीवर पॅनेल बसले आणि महिन्याभरात त्यांच्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी माती बसली. हे पहिल्यांदा ध्यानात आलं माझ्या, भावाच्या नव्हे. मी तेव्हा एका बंगल्यात धुणीभांडी करत होते. मालकिणीनं गच्ची धुवायला सांगितली, मी जाता जाता पॅनेलही पुसले आणि पुढच्या महिन्यात त्यांचं लाइटबिल उतरलं. मग शेजारणीनं बोलावलं, मग शेजारणीच्या नणंदेनं. भाऊ त्या काळात मोहोळजवळच्या आमच्या गावात, एसटीच्या थांब्यावर बसून मोबाईल बघण्याची नोकरी पूर्णवेळ करत होता. मी त्याला शहरात आणलं, शुक्रवार पेठेत खोली घेतली, शिडीवर चढायला शिकवलं. आईबाप नव्हते, म्हणून लग्नही मीच लावून दिलं. नातेपुत्याची मुलगी पसंत केली तीही मीच. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, तो हा असा.

गेल्या वर्षी आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. पुढं दोन सीट, मागं माल ठेवायला बंद डबा. डब्यात भावानं काळी प्लॅस्टिकची उभी टाकी ठेवली आणि दोरीनं बांधली. बांधताना गाठ अशी मारली की ती बघून आमच्या गावच्या शेळीनंही तोंड फिरवलं असतं. एकदा रस्त्यात कुत्रं आडवं आलं, त्यानं ब्रेक दाबला, दोरी तुटली आणि भरलेली टाकी माझ्या सीटमागच्या पातळ पत्र्यावर येऊन आदळली. पत्रा वाकला. माझी पाठ आठवडाभर सरळ होत नव्हती.

"काय झालं न्हाय," भाऊ म्हणाला. ज्याच्या पाठीत टाकी बसलेली नसते त्याला हे फार छान सांगता येतं.

तेव्हापासून मी त्याच्या मागं लागले, की चांगला फॅब्रिकेटर गाठ आणि टाकी कायमची बसवून घे. आणि काय नवल, भावजयीनं मला दुजोरा दिला. "वन्सं म्हणत्यात ते बरोबरच हाय की," ती म्हणाली, "सेफ्टी पायजेच." लग्न होऊन आल्यापासून तिनं माझं मान्य केलेलं हे पहिलं वाक्य. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला साधा होकारही चढतो, तसा तो मला चढला.

फॅब्रिकेटर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होता. त्याच्या घरी पूर्वी चादरीचे माग होते, ते विकून त्यानं वेल्डिंगचं मशीन घेतलेलं. फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी आणि दोन्ही भाषांत सारखाच तिरसट. भावजय म्हणाली, "मी बी येती बघायला," आणि मागच्या डब्यात उपड्या बादलीवर बसून आली. पुढच्या सीटवर मी होते. ती सीट माझीच होती. त्या सीटवर बसून मी गिऱ्हाइकांचे फोन घेत असे, पत्ते शोधत असे, भावाला वळणं सांगत असे. गच्चीवर पोचल्यावर कुठल्या पॅनेलला आधी पाणी मारायचं हेही मीच ठरवत असे.

फॅब्रिकेटर आधी गाडीखाली झोपला. बाहेर आला तो बोलतच आला. "तळाला भोक पाडायचं न्हाय. खाली बॅटरी हाय. एक ड्रिल आत गेलं की गाडी भंगारात."

मग त्यानं काय करणार ते सांगितलं आणि मला ते पटलं. उभी टाकी काढायची, आडवी बसकी पांढरी टाकी घ्यायची. कंपनीनं दिलेल्या नटबोल्टच्या जागांवरच लोखंडी फ्रेम कसायची, टाकीखाली रबर, वरून पट्ट्या. टाकी मागच्या चाकांच्या अलीकडं, सीटच्या लगत हवी. मागं सरकवली तर गाडीचं तोंड हलकं होतं. टाकीच्या आत उभे पडदे, म्हणजे ब्रेक मारला की सगळं पाणी एकदम पुढं धावत नाही. आणि आमच्या पाठीमागं जाड पत्रा.

"आता वजन," तो म्हणाला आणि दारावरच्या पट्टीवर टिचकी मारली. गाडीनं किती ओझं वाहायचं ते तिथं छापलेलं होतं. "पाणी, लोखंड, पंप, पाईप, शिडी, माणसं. समदं ह्यात बसलं पायजे."

"माणसं पण?" मी विचारलं.

"मावशी, गाडीला काय ठावं, कोण माणूस अन् कोण पाणी."

शेजारी भंगाराचं दुकान होतं. त्याच्या दारातल्या मोठ्या काट्यावर पंप ठेवला, पाईपचं भेंडोळं ठेवलं, शिडी ठेवली. त्याच्या आधी त्यावर जुने कूलर मोजले जात होते. मग फॅब्रिकेटर म्हणाला, "चला, माणसं." भाऊ चढला, उतरला. मी चढले. काटा जरा डुगडुगला.

"अम्मा, हिलो नक्को," भंगारवाला ओरडला आणि मग आकडाही तितक्याच मोठ्यानं ओरडला. अठ्ठ्याऐंशी. कूलर मोजणाऱ्या पोरांनी मान वर करून बघितलं. मला थायरॉइड आहे, हे मी त्या पोरांना सांगत बसले नाही.

"मी बी बघू का?" म्हणत भावजय चप्पल काढून काट्यावर चढली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. "चव्वेचाळीस!" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. "अगं बया, वन्सं, मी तर तुमच्या बरोबर निम्मी."

"अक्कलही त्याच काट्यावर मोजून घे," मी म्हटलं. ती हसतच राहिली. तिचं हे एक बरं आहे, अपमान झाला की तिला उशिरा कळतो. निदान मी तोपर्यंत तसं समजत होते.

टाकी-फ्रेम तयार व्हायला दोन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिघं गेलो, ती पुन्हा बादलीवर, टाकी अजून आत कसली नव्हती म्हणून. आमच्यासमोरच त्यानं ती फ्रेममध्ये बसवली. पाना फिरवून प्रत्येक बोल्ट हातानं हलवून बघितला. काम चोख होतं. मी टाकीला खांद्यानं रेटा दिला, ती तसूभर हलली नाही. मनात म्हटलं, आता पाठ वाचली.

"एक भोक ऱ्हायलंय," तो म्हणाला.

मला वाटलं काही विसरला. पण ते भोक महत्त्वाचं होतं. "माझा लोकांवर भरोसा न्हाय," तो सांगायला लागला. "सोलापूरचा माणूस, नळ चार दिसांनी येणार. भांडं दिसलं की काठोकाठ भरणार. किती बी सांगा, इतकंच भरा, तो भरणारच. म्हणून मी वजनाच्या हिशेबानं टाकीला भोक पाडतो अन् पाईप मागच्या दाराच्या फटीतनं गाडीखाली काढतो. त्याच्यावर पाणी चढलं की आपोआप भाईर. मंग जास्ती भरायचं म्हटलं तरी भरत न्हाय."

हे अगदी खरं होतं. आमच्या पेठेत नळ आला की लोक तांब्यासुद्धा भरून ठेवतात. मीही ठेवते.

त्यानं मार्कर घेतला आणि टाकीवर दोन रेघा मारल्या. एक खाली, एक वर. मध्ये हाताची चार बोटं बसतील एवढं अंतर. खालच्या रेघेवर बोट ठेवून तो भावाला म्हणाला, "दादा, तुमी अन् मावशी दोघं बसणार आसाल तर भोक हितं." मग बोट वर नेलं. "तुमी एकटेच आसाल तर हितं. कुटं पाडू?"

एवढा साधा प्रश्न होता. मी तोंड उघडून 'खाली' म्हणणारच होते, कारण मला त्यात प्रश्नच दिसत नव्हता. पण भाऊ टाकीकडं बघत होता. त्यानं आपली चार बोटं त्या दोन रेघांमध्ये ठेवली आणि काढलीच नाहीत.

"आक्का," तो म्हणाला, "एवढ्या पाण्यात एक गच्ची धुऊन हुती की गं."

मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला त्याची मानगूट धरून त्याच टाकीत बुचकळावंसं वाटलं. त्याच्या तोंडात पहिला घास घालणारी मी, आणि माझा भाव हा लेकाचा एका गच्चीवर ठरवत होता.

"मग मी काय करायचं?" मी विचारलं.

उत्तर भावजयीकडं तयार होतं. "वन्सं, तुमी घरी बसून फोन घ्या की. ह्या उन्हात तुमाला झेपतं का? अन् गाडीवर किती लोड येतो बघा. तुमीच म्हणत हुता ना, सेफ्टी पायजे." ती हे एका दमात, कुठंही न अडखळता बोलली. पाठ केल्याशिवाय तिला किराणाची यादीही एवढी सलग म्हणता येत नाही. तिचा खोकला जाणार होता आणि सुंठ माझ्याच घरची होती.

"पाईप कोण धरणार?" मी भावाला विचारलं. "वर तू शिडीवर, खाली पाईप कोण धरणार? पंप कोण बंद करणार?"

फॅब्रिकेटर ड्रिल मशीन हातात घेऊन उभा. त्याला दुसरं काम होतं आणि ते तो लपवत नव्हता. "दादा, लवकर बोला. वर का खाली? एकदा पडलेलं भोक परत बुजवून मी देत न्हाय."

"आक्का, तूच सांग," भाऊ म्हणाला.

हा त्याचा लहानपणापासूनचा खेळ. कोंबडी त्यानं मारायची आणि सुरी माझ्या हातात द्यायची. मी म्हटलं, "न्हाय. तुझ्या तोंडानं सांग. मला ऐकायचंय."

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं नाही, मग बायकोकडं बघितलं. मग टाकीकडं वळून फॅब्रिकेटरला म्हणाला, "मधी पाडा."

"मधी म्हंजे?"

"दोन्ही रेघांच्या मधोमध. वरनं दोन बोटं खाली."

फॅब्रिकेटरनं दोन्ही रेघा पुन्हा बघितल्या. मग त्याची नजर भावजयीवर गेली आणि त्याला कळलं. मला त्याच्या आधी कळलं होतं. एकट्याचं भोक नव्हतं ते. दोघांचंच होतं. चव्वेचाळीस किलो, माझ्या बरोबर निम्मी. त्या दिवशी ती काट्यावर गंमत म्हणून चढली नव्हती आणि चप्पलही उगीच काढली नव्हती.

ड्रिल फिरलं. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या साली माझ्या पायाशी पडल्या. मी तिथून हलले नाही, कारण मला बसायला तिथं कुठं जागाच नव्हती. त्यानं पाईप जोडला, गाडीखाली काढला आणि हौदातून टाकी भरायला लावली. पाणी चढत गेलं. खालच्या रेघेपाशी आलं, तिच्यावर गेलं, भोकाला लागलं आणि गाडीखालून धार सुरू झाली. "बघा," फॅब्रिकेटर म्हणाला, "आता समुद्र आणून वतला तरी वर जात न्हाय." भावजयीनं टाळ्या वाजवल्या. खरोखरच वाजवल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा अडचण सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आली. येताना ती मागं बसून आली होती. आता मागं टाकी होती, पाण्यानं भरलेली, आणि बादली ठेवायलाही जागा नव्हती. पुढं सीट दोन, माणसं तीन. कुणी काही बोलायच्या आत भावजय पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टा लावून घेतला. काचेतून ती सरळ समोर बघत राहिली, जणू समोरच्या पत्र्याच्या शेडवर तिला काही वाचायचं होतं.

"उतर खाली," मी म्हटलं.

ती भावाकडं बघायला लागली. भाऊ म्हणाला, "आक्का, आता टाकी भरलीय. तुज्या वजनानं वर जातंय. त्यानंच सांगितलं न्हवं?"

"मग पाणी कमी कर."

मी मागं गेले आणि टाकीचा नळ सोडला. "दोन बोटं पाणी खाली आलं की मी बसते," मी म्हटलं. "हिला रिक्षानं येऊ दे." पाणी धो धो वाहायला लागलं. एमआयडीसीतली ती तापलेली जमीन ते पाणी येईल तसं पिऊन टाकत होती. मला बरं वाटलं. तेवढा वेळ मला खरंच बरं वाटलं.

आणि मग भाऊ धावला. सकाळपासून ज्याला बोलायला सुचत नव्हतं, एका भोकाची जागा सांगायला ज्याला घाम फुटला होता, तो माणूस पळत आला. माझा हात नळावरून झटकून टाकला आणि दोन्ही हातांनी नळ बंद केला. पुन्हा एकदा पिळून बघितला, थेंब पडतोय का ते वाकून बघितलं.

"येडी हायस का?" तो म्हणाला. "एवढं पाणी कुणी मातीत घालतं का?"

मग सरळ उभा राहिला, ओले हात पँटला पुसले, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून, अगदी काळजीनं त्यानं विचारलं, "आक्का, रिक्षाला सुट्टे हायत का तुज्याकडं?"

"हायत," मी म्हटलं.