शब्द न बदलणारी शीळ

रोज सकाळी कामाच्या खोलीचं दार उघडलं की ती आधी स्पिरिटचा दिवा पेटवायची आणि ज्योतीसमोर तोंड नेऊन म्हणायची, "पळ." ज्योत जेमतेम हलायची. मग म्हणायची, "फळ." ज्योत आडवी व्हायची. त्यानंतर गळ्यावर दोन बोटं ठेवून "काल, गाल." 'गाल' म्हणताना बोटांखालची गुरगुर अंमळ आधी सुरू व्हायची. एवढं झालं की दिवस सुरू.

"झाला का मंत्र?" समोरचा शिंपी विचारायचा.

"झाला. तुमच्या मशीनला तेल दिलंत का?"

ती कवळ्या बनवायची. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, ती प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात दात रचायची. कवळी तयार झाली की ज्याची त्याला समोर बसवून शब्दांच्या जोड्या वाचायला लावायची. साल, शाल. ताक, टाक. मन, मण. एखाद्या जोडीतले दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले की कवळी परत घासायला कानशीखाली. तिला काम शिकवणारे म्हातारे कारागीर म्हणायचे, "तोंडातून आवाज हजार निघतात, भाषा त्यातले मोजकेच धरते. ज्या फरकानं शब्द बदलतो तो आपण सांभाळायचा. बाकीचा ज्याचा त्याच्यापाशी." ते तिला पटलं होतं. शिंप्याचा 'र' खरखरीत, डॉक्टरांचा गुळगुळीत. पण 'दार उघडा' म्हटलं की दोघांनाही दारच उघडून मिळतं.

दादाची कवळी तिनंच केली. त्याच्या वरच्या पुढच्या दोन दातांत लहानपणापासून फट होती आणि 'स' म्हणताना त्यातून बारीक शीळ निघायची. शाळेत त्याला शिट्टी म्हणायचे. उरलेले दात काढून त्याच दिवशी कवळी बसवायची असं ठरलं, तेव्हा जुन्या दातांचा साचा तिच्यासमोरच होता. फट तिनं बुजवली. साठी उलटल्यावर तरी भावाला सरळ दात मिळावेत, एवढंच मनात होतं. हिरड्यांची सूज उतरल्यावर तिनं जोड्या म्हणवून घेतल्या. सगळ्या चोख.

चार दिवसांनी दादा तोंडावर हात धरून दारात उभा.

"तुझी वहिनी माझ्या हातचं खात नाही."

वहिनीची नजर तीन वर्षांपूर्वीच गेली होती. अलीकडे आठवणीही सैल झाल्या होत्या. घरात ती कानांनीच वावरायची.

"म्हणते, तुम्ही त्यांच्यासारखं बोलता, पण तुम्ही ते नाही. ते कुठे गेले सांगा. काल भिंतीकडे तोंड करून बसली. आज पाणीही घेतलं नाही."

ते ऐकून ती उठली, बसली, पुन्हा उठली. "साल म्हण. शाल म्हण."

दादानं म्हटलं. दोन्ही शब्द वेगळे, स्वच्छ.

"बरोबरच आहे की रे!"

"तुझ्या यादीला बरोबर आहे," दादा म्हणाला. "तिला नाही."

तिनं कवळी मागून घेतली. हात धुतले आणि पुसायचे विसरली. शेल्फवरचा जुना साचा काढून फटीत जाड कागद घालून पाहिला, घडी घालून पुन्हा पाहिला. मग यंत्राला बारीक चकती लावून दोन दातांमधलं कोरायला घेतलं. जरा कोरलं की दादाच्या तोंडात बसवायची.

"साल."

शीळ नाही. पुन्हा कोरलं. आता 'स' नुसता पसरट झाला. यादी तिच्या काही उपयोगाची नव्हती. यादी प्रत्येक वेळी पास होत होती. जे ऐकायचं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाय जागेवर ठरेनात. खिडकी बंद करून आली, दिवा विझवून आली. दाताची आतली कड तिनं नखानं चाचपली. तिरकी हवी होती. आणि चकती जराशी जास्त फिरली तर दात तुटणार.

"आईसारखी ओठ खाऊ नकोस," दादा बोळक्या तोंडानं म्हणाला.

"गप बस. हात हलतो माझा."

कड तिरकी झाली. कवळी तोंडात गेली. "सांग आता काहीतरी."

"काय सांगू, सकाळपासून उपाशी आहे," दादा म्हणाला, आणि 'सांगू'वर, 'सकाळ'वर ती बारीक शीळ वाजली.

ती चप्पल न बदलताच त्याच्याबरोबर निघाली. वाटेत त्याला एक शब्द बोलू दिला नाही, जणू शीळ सांडून जाईल.

वहिनी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. दादा सरळ स्वयंपाकघरात गेला. कपाचा आवाज झाला. ती मात्र मधल्या दारात चौकट धरून उभी राहिली.

"साखर किती घालू?" दादानं आतून विचारलं.

वहिनीची मान हळूच वळली.

"चाळीस वर्षं झाली, अजून विचारताच का?" वहिनी म्हणाली. "आणि होतात कुठे इतके दिवस?"

दादा कप घेऊन आला. वहिनीनं दोन्ही हात पुढे केले.

तिनं चौकट सोडली. खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि दाराशी जाऊन मागे न बघता म्हणाली, "दादा, रात्री कवळी पाण्यात ठेव हं, कोरडी ठेवू नकोस."