ताईच्या बोलण्याला मीटर

माझी ताई जन्मापासून बहिरी. शाळेचं तोंड पाहिलं नाही. छापखान्यात बाइंडिंग करते. बोलते हातांनी, आणि बोलते म्हणजे काय, चार बायकांना पुरून उरते! मालकाची नक्कल, शेजारणीची उणीदुणी, मला शिव्या, सगळं त्या खळ लागलेल्या बोटांनी. तिची लेक लग्न करून परदेशी गेली, तेव्हा मी घरात इंटरनेट घेतलं. रोज संध्याकाळी मायलेकी व्हिडिओवर तासभर हात उडवायच्या.

मी इंटरनेट कंपनीतच लाइनमन. मागच्या वर्षी कंपनीने महिन्याचा ठरावीक दर बंद केला. 'जेवढं वापराल, तेवढंच भरा.' साहेब म्हणाले, "पाण्याला मीटर, विजेला मीटर, मग याला का नको?" मला पटलं. आग लागो माझ्या अकलेला! दारोदार फिरून मीच ते लोकांच्या गळी उतरवलं.

आमचं पहिलंच बिल तिप्पट आलं. व्हिडिओ डेटा खातो, नुसत्या आवाजाला जवळजवळ काही लागत नाही. ताईला अक्षरं येत नाहीत, पण आकडे बरोबर कळतात. तिने खुणेने विचारलं, "तू तासभर बोललास तर किती?"

"फारसं नाही."

"मग माझंच बोलणं महाग का?"

मी साहेबांना तेच विचारलं. म्हणाले, "आम्ही माणूस बघत नाही, डेटा बघतो. सगळ्यांना सारखाच दर." सारखा म्हणे! डोंबल!

मी भरतो म्हटलं, तर ताई ऐकेना. भावाच्या पैशावर बोलणार नाही, म्हणाली. मग आठवड्यातून दोन मिनिटं. जेवलीस? बरी आहेस? बास. भाचीला मुलगी झाली, तरी तेच. भाची आता मलाच नुसता फोन लावते. "मामा, आईला सांग हं." मी अर्धा तास बोलतो, बाळाला गाणी म्हणतो, आणि ताईला चार खुणांत सांगून उरकतो. तिच्यासारखं मला कुठलं जमायला! अर्धंअधिक माझ्याच पोटात राहतं.

परवा नात वर्षाची झाली. ताई हात घासून, केस विंचरून व्हिडिओसमोर बसली. 'ये गं माझ्याकडे' म्हणून तिने दोन्ही हात नाचवले. ते हलते हात बघून पोरीने भोकाड पसरलं. भाची गडबडली. "मामा, तू बोल ना काहीतरी!"

मी नुसतं "काय गं, ठमे?" म्हटलं, तशी पोर खुदकन हसली.

ताईला ऐकू आलं नाही, पण दिसलं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि नातीकडे नुसती बघत राहिली.