नागपूरच्या आभाळातले चाचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या रविवारी माझ्याकडची लाइट गेली नव्हती.

एवढ्या साध्या वाक्याचं ओझं कसलं, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी चाचा माहीत असायला हवेत.

विमान सुरू करण्याआधी चाचा कीबोर्डवर एक लांब फुंकर मारायचे. कापसाची बारीक तुसं उडवायची जुनी सवय. खरं तर त्यांची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, बंद पडून बरेच दिवस झाले होते. आवारात कापसाची गाडी येत नव्हती, बरेच जण सोयाबीनकडे वळले होते, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांपायी सकाळचं वर्तमानपत्र उघडायला हात धजावत नसे अशी ती वर्षं होती. तरी चाचा रोज ऑफिस उघडून बसत. बाळापूरचं जुनं घराणं, चाची वारलेल्या, मुलगा हैदराबादला. घरी बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा इथं बरं, म्हणायचे.

मी टेलिफोन खात्यात. तेव्हा अकोल्याला होतो, जठारपेठेत राहायचो. त्यांच्या ब्रॉडबँडची तक्रार आली म्हणून गेलो. लाइन दुरुस्त करून कॉम्प्युटर लावायला सांगितला, तर पडद्यावर विमानाची खिडकी! मुलानं जाताना हा खेळ ठेवून दिला होता. जगभरचे हौशी लोक इंटरनेटवर अशी विमानं उडवतात. कुणी पायलट होतं, कुणी त्यांना खालून वाट देणारा कंट्रोलर. नियम खऱ्या विमानतळाचे, बोलायची पद्धतही तीच. मला स्वतःला हाच नाद होता, पण ऑफिसात मी त्याचा वास लागू दिला नव्हता.

"तुमी बी उडवता?" चाचा खुर्चीतून उठलेच. "मंग इतके दिवस कुठं होते, साहेब?"

पुढे माझी अमरावतीला बदली झाली. मग दर रविवारी दुपारी मी घरून नागपूरचा कंट्रोलर व्हायचो आणि चाचा अकोल्याहून छोटं विमान घेऊन माझ्याकडे यायचे. त्या खेळात आपला मुलूख हिरवागार दाखवला होता, जिकडेतिकडे शेतं. चाचा वरून पाहून म्हणायचे, "कंपनीवाल्यानं वऱ्हाडाले पाणी देऊन टाकलं, साहेब. सरकारले नाई जमलं ते."

कंट्रोलरनं सांगितलेलं पायलटनं जसंच्या तसं परत म्हणायचं असतं, ऐकण्यात चूक नको म्हणून. चाचा म्हणायचे, पण शेपूट जोडून. "तीन हजार फुटावर उतरतो, इन्शाअल्ला."

"चाचा, तो शब्द नियमात नाही."

"तुमचं तुमी सांगतलं, साहेब. पण उतरवनारा वरचा हाय ना?" आणि लगेच, "बराबर समजलो ना मी?"

हे 'बराबर समजलो ना मी' प्रत्येक वाक्यामागे यायचं. सुरुवातीला मी चिडायचो. नंतर कळलं, त्यांना समजलेलंच असायचं. उत्तरादाखल आणखी एकदा कुणाचा तरी आवाज यावा, एवढंच त्यांना हवं असे.

उतरल्यावर आम्ही थोडं बोलायचो. मी कमीच. मला कुणी जवळ आलं की मी कामाचं काहीतरी काढतो. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल.

त्या रविवारी ते निघतानाच म्हणाले, "आज उतरल्यावर जरा टाइम द्या मले. एक गोष्ट इचारायची हाय."

"विचारा की."

"अशी हवेतून नाई इचारत."

नागपूरजवळ आले तेव्हा पुढे दुसरी विमानं होती. मी चाचांना थांबवून ठेवलं. याला होल्डिंग म्हणतात. ठरलेल्या जागेवर लांबट घिरट्या घालत राहायचं, कंट्रोलर बोलावीपर्यंत बाहेर पडायचं नाही. थांबवताना एक वेळ सांगायची असते, म्हणजे मध्येच संपर्क तुटला तर त्या वेळेला पायलटनं आपलं आपण उतरायला निघावं. ती वेळ द्यायची मी विसरलो. आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

आमचे मोठे साहेब, सपत्नीक. चाळिशी उलटलेला माणूस कानाला यंत्र लावून पडद्याशी बोलतोय, हे त्यांनी पाहिलं असतं तर सोमवारी ऑफिसभर झालं असतं. मी कानातलं काढलं, मॉनिटर बंद केला, वरून टॉवेल टाकला आणि हसतमुखानं दार उघडलं.

चहा झाला, चिवडा झाला, साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं झालं. मला चाचा आठवत होते. उठून आत जायला एक निमित्त पुरलं असतं. मी गेलो नाही.

ते गेल्यावर टॉवेल काढला. कॉम्प्युटर चालूच होता. म्हणजे खेळात कोण हजर आहे ते दाखवणाऱ्या जगभरच्या यादीत, नागपूरपुढे, माझं नाव इतका वेळ झळकत होतं. चाचांनी लिहून पाठवलेले निरोप एकाखाली एक पडलेले.

"साहेब, फिरून रायलो."

"साहेब, हाय का?"

"तेल कमी होऊन रायलं. इमर्जन्सी म्हनत नाई. तुमच्यावर रिपोर्ट जाईन."

खाली काही नव्हतं. यादीत त्यांचं विमानही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "काऊन साहेब, लाइट गेलती काय तुमच्याकडं?"

माझं नाव यादीत होतं हे त्यांनी पाहिलं होतं. आमच्या आणि त्यांच्या दोन्ही गावांचं भारनियमन त्यांना पाठ होतं. रविवारी दुपारी अमरावतीची लाइट जात नाही, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. तरी त्यांनी तो प्रश्न असा पुढे केला, जसा पाहुण्याला पाट सरकवावा.

मी म्हणालो, "हो ना चाचा, गेली होती."

"मंग बराबर हाय." ते हसले. "मी एका वावरात उतरवलं. कोनाच्या पऱ्हाटीचं नुसकान झालं असन थोडं."

"तुम्ही काहीतरी विचारणार होता."

"ते? ते काई खास नव्हतं."

मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर चाचा नागपूरकडे आले नाहीत. मी रविवारी बसत राहिलो, मग बसणं सोडलं.

पुढे कामासाठी अकोल्याला गेलो तेव्हा जिनिंगच्या फाटकाशी त्यांचा भाचा भेटला. आत यंत्रं उचकटून ट्रकवर चढवत होते. चाचांना मुलानं हैदराबादला नेलं होतं आणि ते तिथंच वारले होते.

"तुमीच ते टेलिफोनवाले?" भाच्यानं विचारलं. "मामू तुमची लई याद काढत. जिनिंग इकायचं ठरलं, तवा म्हनत, साहेबाले इचारतो, दर इतवारी गाडीनं अमरावतीले येऊन तुमच्या बाजूले बसू काय. घरी कुठं इंटरनेट होतं कॉम्प्युटरले? मंग तुमी काय म्हनले?"

मी म्हणालो, माझ्यापर्यंत आलं नाही ते. हेही खोटंच होतं. येत होतं, मीच थांबवून ठेवलं होतं.

लाइट गेली नव्हती, हे चाचांना ठाऊक होतं. तरी ते मी माझ्या तोंडानं त्यांना सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. ते मी त्यांना देणं लागतो.