पायडलाला नमस्कार

मंडळी, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या पोरानं, रेवण्णानं, कमठाण्याच्या शेतात स्वतः विमान बांधलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. निजाम सरकारला कळलं तर काय, याची मला धास्ती होतीच. आज त्यानं ते जमिनीवर पळवून पाहिलं. समोर विहीर. ब्रेक दाबला तर पायडल सरळ तळाला गेलं! विमान कडब्याच्या गंजीत घुसलं म्हणून पोरगा वाचला.

ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा राहिली होती. ती काढायला काल त्याची आई पायडल दाबत होती आणि तो चाकापाशी नट सैल करून तेलाबरोबर हवा सोडत होता. नट आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत शिरते.

आज पुन्हा तेच काम काढलं. मी जवळ उभा राहून पाहिलं. ती पायडल दाबायची, लगेच पाय उचलायची आणि वाकून नमस्कार करायची.

"अव्वा, पाय कामून उचलायलीस?" रेवण्णा ओरडला.

"हळदीकुंकू लावलेल्याला पाय लागलाय. पाया पडू न्हाई व्हय?"

मी पुढं होऊन तिला म्हणालो,

"सगळे नमस्कार शेवटी एकदम कर!"

तिनं तसंच केलं. पायडल आता दगडासारखं घट्ट लागतंय. पण शेवटी तिनं त्यावर डोकं टेकवलं, ते कितीतरी वेळ उचललंच नाही.

उद्या तो उडायचं म्हणतोय. तुमचा पोरगा असता, तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?