मुरब्याच्या वाळूवरचं इंग्रजी

माझा इंग्रजीचा मास्तर काल वारला. चौथी नापास होता.

हरिश्चंद्र काका. बाबांचा मोठा भाऊ, मुरबे गावचा तांडेल. जन्मभर समुद्रावर बोट चालवली.

काही वर्षांपूर्वी मी मुंबईत इंग्रजीत एमए करत होते. मध्ययुगीन इंग्रजी कवितेचा पेपर होता. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी, आताच्या इंग्रजांनाही न कळणारी. प्रत्येक ओळ मधोमध तुटलेली, मध्ये एक श्वास, दोन्हीकडे दोन-दोन ठोके.

मॅडम एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावायच्या. माझी पाळी आली की बोबडी वळायची. मागच्या पोरी खाली बघून हसायच्या.

दिवाळीला बोईसरला घरी आले ती ठरवूनच, की परत जायचं नाही. बाबांनी त्यांच्या कंपनीच्या ऑफिसात माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता.

एका संध्याकाळी मुरब्याला काकाकडे गेले.

ओहोटी होती. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं, मधली रेघच पुसलेली. ती संध्याकाळ खरंच घडली की मी स्वप्नात बघितली, अजून कधीकधी कळत नाही.

वर्गात बोबडी वळते ते काकाला सांगितलं. काका म्हणाला, वाच बघू ती कविता. वाचलं. अर्थही सांगितला, की थंडगार समुद्रात एक खलाशी एकटाच उरलाय, त्याची सगळी माणसं गेलीत.

काका उठून उभा राहिला.

"खरा हाय तो माणूस," म्हणाला. "पण तू बसून वाचते, म्हणून अडकते."

आमच्याकडे होडी वाळूवर ओढताना एक जण अर्धी हाळी देतो आणि थांबतो. तेवढ्यात सगळे पाय रोवतात. उरलेल्या अर्ध्या हाळीला होडी हलते. हाळी कायम काकाची असायची. त्या दिवशी त्याने माझ्या हातात दोर दिला आणि सांगितलं, आज तुझी कविता.

लाज सोडली.

अर्धी ओळ. श्वास. अर्धी ओळ.

आणि होडी हलली हो.

दहा-बारा माणसं, एकालाही एक शब्द कळत नव्हता. पण त्या जुन्या ओळींवर होडी हळूहळू वर चढत होती, आणि अंधारात मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

सुट्टी संपल्यावर मी परत गेले. वर्गात वाचलं. कोणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"ऑनलाइन व्हिडिओ बघून, मॅडम."

त्या पोरींसमोर काका, होडी, दोर हे तोंडातून निघेचना. शरम वाटली मला. दुसरं काही कारण नाही.

काकाने फोनवर विचारलं, मास्तरणीला माझं नाव सांगितलंस का? मी हो म्हणाले.

मग काय, काकाने सगळं गाव डोक्यावर घेतलं. बंदरावर, लग्नात, भेटेल त्याला, इतकी वर्षं एकच: "आपलं नाव युनिवर्सिटीत हाय."

काल अंगणात बसलेली माणसं मला तेच सांगत होती. मी मान डोलावत होते.

मॅडम, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, हे वाचाल. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.

मला हरिश्चंद्र काकाने शिकवलं. मुरब्याच्या वाळूवर, होडी ओढताना.

काका, उशीर केला रे मी. पण तू सगळ्यांना सांगायचास, ते आजपासून खरं आहे.

नीट जा.