देवगाव फाट्यावर एक थेंब प्रथिन

मी काय घेऊन निघालोय हे पुणं सुटलं तेव्हा मला कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर परभणीहून परतलो तरी नीट कळलं नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी थर्मासचं झाकण लावता लावता समजावलं होतं: पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्याच्या वेष्टणाला बारीक छिद्रं असतात, त्या छिद्रांचं हे प्रथिन. माणसाचं, पण माणसातून काढलेलं नाही. माणसाचं जनुक जंतूत घालून त्याच्याकडून करून घेतलेलं. मी मान हलवली. इतकी वर्षं तिथं काचसामान धुतोय, मान हलवायचा सराव दांडगा आहे.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात बसली होती. परभणीच्या वैजयंता नावाच्या मुलीचं संशोधन या एका थेंबासाठी अडलं होतं. बर्फ वितळला तर थेंब वाया, आणि दुसरा मिळायचा नव्हता.

औरंगाबादला गाडी बदलली, नवा बर्फ भरला. जालना, मंठा मागे पडलं. बाहेर काळी रानं, कापणीला आलेली ज्वारी आणि मार्चचं ऊन. देवगाव फाट्यावर एसटी थांबली ती थांबलीच. पुढे विद्यापीठाच्या नामांतरावरून रास्ता रोको होता. "कवा सुटंल, सांगता येत न्हाई," कंडक्टर म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

जमीन तव्यासारखी तापलेली. थर्मास खाली ठेवायची सोय नव्हती, म्हणून पिशवी कडुलिंबाच्या फांदीला अडकवली. शेजारी लाल फडक्यातलं एक गाठोडं आधीच लटकत होतं. खाली एक म्हातारी आणि तिचा दीर बसले होते.

"तुजं कोन गेलं, बाबा?" तिनं विचारलं.

मी गोंधळलो. मग गाठोड्याकडे नीट पाहिलं. अस्थी जमिनीवर टेकवत नाहीत. ही माणसं गंगाखेडला गोदावरीवर निघाली होती.

"ह्यो माजा लेक," ती गाठोड्याकडे बघत म्हणाली. "ऊसतोडीवर गेला व्हता."

"अरेरे! मावशी, माझं कोणी गेलेलं नाही. हे माणसाचं आहे, पण कुठल्या माणसातलं नाही. जंतूंनी केलंय."

"मानसाचं हाय अन मानूस न्हाई?"

"तसंच काहीसं."

दीर जरासा लांब सरकला. माझंच मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात पिशवी हलली आणि आत पाणी डुचमळलं.  मी सगळं सांगून टाकलं: बर्फ, वितळणं, परभणीची मुलगी.

फाट्यावर एक गारेगारवाला होता. त्याच्याकडं भुशात गुंडाळलेली बर्फाची शेवटची लादी उरली होती. दोन गाड्यांची गर्दी अडकलेली, त्याचा धंदा जोरात. "ही न्हाई द्यायची भाऊ. लेकरं उभी हायत, बघा की!"

मी हात जोडायच्या बेतात होतो. मागून म्हातारीचा आवाज आला. "दी रे त्याला. मातीचं काम हाय."

माती म्हणजे अंत्यविधी. त्यानं लगेच लादी फोडली, चुरा करून थर्मासभर भरून दिला. मी खिशात हात घातला तर म्हणाला, "मातीच्या बर्फाचे पैसे आमी घेत न्हाई."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि मला झाडाखाली नेलं.

"माज्या लेकाला बी बर्फावर ठिवलं व्हतं," ती म्हणाली. "म्या यायलाव म्हून निरोप धाडला व्हता. बर्फ पुरला न्हाई. म्या पोचायच्या आदीच उरकलं त्यायनी. त्वांड बी दिसलं न्हाई." मग थर्मासाकडे बोट करून, "तुजी पोरगी वाट बघायलीय न्हवं? मंग जा."

 गाडी सुटली तेव्हा मी थर्मास मांडीवर घेतला, तिनं गाठोडं.

परभणीच्या स्टँडवर ती गंगाखेडच्या गाडीकडे गेली. मी वैजयंताकडे. तिनं झाकण उघडलं, बर्फात बोटं घातली, कुपी वर काढली आणि चक्क उडी मारली. "आला की हो काका!" म्हणाली, आणि डोळे पुसले.

मी विचारलं, "हे नक्की कोणाचं गं?"

"तुमचं, माझं, सगळ्यांचं. प्रत्येकाच्या पेशीत असतं."

"मेलेल्या माणसाच्या?"

ती म्हणाली, "काही वेळ असतं. थंड ठेवलं तर जास्त वेळ."

दोन दिवसांनी परत निघालो. फाट्यावर उतरून गारेगारवाल्याला गाठलं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी खरं तर कोणी गेलं नव्हतं."

"ठाव हाय. मावशीनंच सांगितलं. काल गंगाखेडहून येताना हितं उतरली व्हती."

"रागावला नाहीत?"

"रागवायचं काय त्यात! ती तुमचंच इचारायली व्हती. त्या भाऊचं पोचलं का म्हून. परवा बाजारला येनार हाय. काय सांगू?"

"पोचलं म्हणावं. वेळेवर."

गाडीनं हॉर्न दिला. ते प्रथिन माणसाचं की जंतूचं, हा घोळ माझ्या डोक्यातून अजून सुटलेला नाही. पण परभणीला कुपी काढल्यावरसुद्धा थर्मासात निम्मा बर्फ शिल्लक होता. ते मात्र मी त्याला सांगितलं नाही; तो मावशीला सांगेल, आणि तिच्या लेकाला बर्फ पुरला नव्हता.