आंबलेलं पोट

गाय आडवी पडली आणि मान पोटाकडे वळवून तशीच राहिली. दात करकर खात होती. डावी कूस दाबली की आत पाणी डचमळायचं. शेण पातळ, राखाडी, आणि त्याला विसरून राहिलेल्या इडलीच्या पिठासारखा आंबूस वास. सात महिन्यांची गाभण होती. कान हातात घेतला तर गार.

"आई, ही जाते आता," मुलगा म्हणाला.

"जाईल तेव्हा जाईल. तू डॉक्टरला फोन लाव."

आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. आम्ही बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहतो. पूर्वी आळीतली चार घरं गायीला घास घालायची. एक वडा, चमचाभर खीर, संपलं. आता समोरच्या शेतात इमारती झाल्या आहेत आणि तिथल्या सगळ्यांचे पितर एकाच दिवशी जेवतात. गायी मात्र आसपास आमच्याच, दोन. त्यातली एक मारकी, ती परसात बांधलेली, तिच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नाही. ही गरीब, फाटकाशी बांधलेली. म्हणून सगळं हिच्याच पोटात गेलं. मी डोळे दाखवायला उल्हासनगरला गेले होते आणि मुलगा अंबरनाथला कंपनीत. परत येऊन बघते तर गायीपुढे पत्रावळी आणि द्रोणांचा ढीग.

डॉक्टरीण स्कूटरवरून आली. माझ्या नातीच्या वयाची. गायीच्या तोंडातून लांब नळी पोटात सारली, थोडं पाणी वाटीत काढलं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टी नारिंगी झाली.

"पोट आंबलंय, आजी. काय काय खाल्लं हिने?"

"भात, पुऱ्या, वडे, खीर. विष कोणी घातलेलं नाही."

"विष कशाला लागतंय? भात म्हणजे साखरच. साखरेचे मणी एकाला एक ओवलेले."

"भात कुठे गोड लागतो?"

"बराच वेळ चावून बघा, लागतो. पेंढ्यातही तीच साखर आहे, फक्त मणी वेगळ्या तऱ्हेने जोडलेले. ते गायीला स्वतःला सुटत नाहीत. तिच्या पोटातले जंतू सोडवतात, सावकाश. भाताचे झटकन सुटतात. एवढी साखर एकदम मिळाली की दुसरेच जंतू माजतात आणि तिचं आम्ल करतात, दही लागतं तसं. त्या आम्लात पेंढा पचवणारे मरून जातात."

मी चौथीपर्यंत शिकले. पण दही लावण्यात आणि पीठ आंबवण्यात जन्म गेला, त्यामुळे एवढं कळलं.

"मग खायचा सोडा घाल की."

"तोच कालवतेय. बादली धरा."

सोड्याचं पाणी नळीतून ओतलं. गायीने दोन मोठे ढेकर दिले. तेवढ्यात समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ ताट घेऊन फाटकात आले.

"मावशी, काल ड्युटी होती. वडिलांचा घास राहिलाय."

"ती उठत नाहीये."

"बसल्या बसल्या खाईल ना?"

"खाईल. खाऊनच पडली आहे. वडिलांच्या नावाने तुम्हीच खा ते, आणि खायचं नसेल तर इकडे येऊन नळी धरा."

त्यांनी ताट कट्ट्यावर ठेवलं आणि नळी धरली. पट्टी पुन्हा बुडवली तर पिवळी झाली. मला वाटलं, झालं काम.

"आम्ल गेलं," डॉक्टरीण म्हणाली. "पण मेलेले जंतू सोड्याने परत येत नाहीत. नुसता पेंढा खाल्लेल्या गायीच्या पोटातला रस हवा. आहे कोणी?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी परसाकडे पाहिलं.

मारकीला झाडाशी आवळून बांधली. मुलाने शेपूट धरलं, गृहस्थांनी दोर. तरी तिने पहिली बादली उडवलीच. गृहस्थांच्या इस्त्रीच्या पँटवर हिरवं पाणी.

"लाथ जोरदार आहे," डॉक्टरीण म्हणाली. "पोट चांगलं असणार."

दुसऱ्या खेपेला रस मिळाला. कोमट, हिरवट, शेवाळी वासाचा. पट्टी पोपटी झाली. फडक्यातून गाळून तो गरीब गायीच्या पोटात ओतला. डॉक्टरीण म्हणाली, रवंथ केला तर जगेल. तोवर दाणा नाही, पीठ नाही, फक्त सुका पेंढा.

संध्याकाळपर्यंत तिने पेंढ्याला तोंड लावलं नाही. मी शेजारी गोणपाट टाकून बसले. बसून काही होत नाही हे मला माहीत होतं, पण घरातही काही काम सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागचे पाय ताणून उठली आणि पेंढ्याची एक काडी उचलली. ऊन चढल्यावर जबडा हलायला लागला. रवंथच होता. मी जवळ जाऊन खात्री केली.

त्याच आठवड्यात ती गाभडली. डॉक्टरणीने आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ल रक्तात उतरलंय, पोटातल्याचं सांगता येत नाही.

आता सर्वपित्रीला मी गरीब गाय परसात नेते आणि मारकीला फाटकाशी बांधते. लोक ताट लांबूनच दाखवतात आणि जातात.

गाय जगली. वासरू नाही जगलं.